मोठ्या आवाजाची बंदूक

परळीच्या दुकानात शहादेवमामांनी तिन्ही एअरगन हातात घेऊन पाहिल्या. दुकानदारानं एकेक समजावून सांगितली. हिच्यात नळी खाली वाकवून छर्रा भरायचा, ही गॅसवर चालते आणि हिच्यात पंपानं हवा भरायची. लायसन लागत नाही, पण माणसावर कधी रोखायची नाही आणि पाखरू मारलं तर केस होते.

"मारायचं न्हाई मला. आवाज मोठा कुणाचा हाय?"

"मामा, लोक कमी आवाजाची मागतात. तुमचं उलटंच!"

"माझी बायकू मंजुळा होती तवर बंदूक लागलीच न्हाई. दिस उगवल्यापासून मचाणावर उभी राहून पाखरांवर वरडायची. पार धर्मापुरीच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. मीच म्हणायचो, कावून इतकी वरडतीस, जरा गप बस की."

दुकानदारानं पंपाची बंदूक पुढं केली. "मग हीच न्या. अशी फाडकन वाजते की ज्वारीवर एक पाखरू टिकायचं नाही."

शहादेवमामा बंदुकीवरून नुसता हात फिरवत राहिले.

"ज्वारी पेरलीच न्हाई यंदा," ते म्हणाले. "रान लई गप झालंय."