चांगल्या घरी

"हे घर बांधणाऱ्याला त्यात जेमतेम दोन पावसाळे काढता आले," बाई सांगत होत्या. "माळावरचे दगड वेचता वेचता त्याची कंबर गेली, मग तोही गेला. मुलांचं आपसात पटेना. त्यांनी घर, जमीन, सगळं एका लाकडाच्या व्यापाऱ्याला विकलं. त्याने तर बैठकीच्या खोलीत छतापर्यंत फळ्या रचल्या!"

"आणि त्याच्यानंतर?" म्हातारीने विचारलं. आज घर पाहायला ती एकटीच आली होती.

"त्याच्यानंतर माझे वडील. आणि शेवटची मी."

वडील गेल्यावर भाऊबंद म्हणाले, विकून मोकळी हो. बाईंनी ऐकलं नाही. खाटा, कंदील, दुधाच्या चरव्या जिथल्या तिथे ठेवून त्यांनी घर लोकांना पाहायला खुलं केलं. लग्न केलं नाही, घराशीच संसार मांडला.

गोठ्यात शिरताच म्हातारी थबकली.

"गव्हाण त्या भिंतीला होती."

"तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"धारा काढायला होते मी इथे. तुमच्या आईच्या वेळी."

बाईंचा चेहरा उजळला. आई गेली तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. धड एक आठवणही हाती नव्हती, होता तो फक्त एक फोटो.

"कशी होती हो आई?"

"कडक. पण तुमच्यावर भारी जीव. तुम्ही नुसतं शिंकलात तरी घर डोक्यावर घ्यायच्या."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "मग काम का सोडलंत?"

"त्यांनीच जा म्हटलं. त्यांचं काही चुकलं नाही. माझं कामात लक्ष नसायचं, सारखी आत डोकावायचे."

दोघी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात टेकल्या. बाईंनी पाणी दिलं. म्हातारीने पेला दोन्ही हातांत धरला.

"तुम्हाला मुलंबाळं?"

"एकच मुलगी."

"कुठे असते?"

"चांगल्या घरी दिली. खाऊनपिऊन सुखी घर."

"येते की नाही भेटायला?"

म्हातारीने मान हलवली. नाही.

"सासरचे सोडत नसतील," बाई हळहळल्या. "जावई तरी बरा आहे ना?"

म्हातारीने पेला खाली ठेवला.

"लग्न लावून नव्हती दिली गं," ती म्हणाली. "दुपट्यात गुंडाळून दिली. ह्याच दारातून, आत."