निळी वाटी

"तुमचा इथं काही इतिहासच नाही," बँकेतली मुलगी हळूच म्हणाली. "कधी कर्जच घेतलं नाहीत ना!" जन्मभर कुणाची मिंधी राहिले नाही, तेच नडलं. कर्ज घेऊन फेडल्याच्या त्या इतिहासाशिवाय टोरांटोत मला कुणी घर भाड्यानं देईना.

बर्फ तुडवत मी मैत्रिणीच्या घरी परतले, तिथंच सध्या राहत होते. ओट्यावर शेजारच्या फिलोमेनाआजींची निळी काचेची वाटी होती. परवा तिच्यातून साखर उसनी आणली होती. आजी त्या मोठ्या घरात एकट्याच राहायच्या. वाटी रिकामी कशी परत करायची? शिरा भरून नेली.

"दर वेळी भरूनच आणतेस," आजी हसल्या.

आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, मी म्हटलं. मग बँकेचंही सांगून टाकलं. "माझ्या नावावर इथं काहीच नाही, आजी."

"कोण म्हणतं? सात वेळा नेलीस, सात वेळा भरून आणलीस."

त्या वाटी घेऊन आत गेल्या. खिडकीतून संध्याकाळचा निळसर उजेड जमिनीवर सांडला होता. मी त्यात नुसतीच उभी राहिले.

आजींनी वाटी माझ्या हातात ठेवली. "मग मी तरी रिकामी कशी देऊ?"

वाटीत त्यांच्या वरच्या मजल्याची किल्ली होती.