गाव्रिलाच्या घुगऱ्या

पूर्वी तातार चालून आले तेव्हा अख्खं गाव आमच्या लाकडी चर्चच्या माळ्यावर लपलं होतं. आता तिथे माझा मुलगा गाव्रिला एकटाच आहे, लढाईवरून पळून आलेला. शिपाई त्याला शोधतायत, म्हणून मीच त्याचं नाव पाद्रीबुवांना मृतांच्या यादीसाठी दिलं.

रविवारी प्रार्थनेत त्यांनी ते वाचलं. दारातल्या शिपायाने टोपी काढली.

"कधी गेला, मावशी?"

"बुधवारी निरोप आला."

"मग घुगऱ्या कुठायत? आमच्याकडे गहू शिजवल्याशिवाय मेलेल्याचं नाव देत नाहीत."

आमच्याकडेही देत नाहीत. पण जिवंत मुलाच्या नावाने गहू शिजवायला माझा हात धजला नव्हता.

शेजारची पारास्किवा पुढे झाली. आपल्या मेलेल्या नवऱ्यासाठी आणलेला घुगऱ्यांचा वाडगा तिने शिपायापुढे धरला. "हिचं डोकं ठिकाणावर आहे का? माझ्याच चुलीवर विसरून आली. घे बाबा, गाव्रिलाच्या घुगऱ्या."

शिपायाने मूठभर खाल्ल्या, क्रूसाची खूण केली आणि निघून गेला.

माळ्याबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पारास्किवा वाडग्याची कड पुसत माझ्या कानाशी आली.

"त्याला खोकला आवरायला सांग. विहिरीपर्यंत ऐकू येतो."