चौकडी भिंतीत

बाबांनी पुन्हा ट्रम्पेट वाजवलं. ज्यांच्या घरी रेडिओ चालू होता त्यांनी ते ऐकलं, आणि ज्यांच्या घरी बंद होता त्यांनी शेजाऱ्यांकडचं ऐकलं. पण बाबांच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलंच नाही. वडीलधाऱ्यांना खोटं कशाला पाडा? आपणही घडलं नाही असंच धरून चालू.

तर, काहीही न घडलेल्या त्या रविवारी सकाळी त्यांची मुलगी स्टुडिओत बाबांसमोर माइक ठेवत होती. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, तिथे हौशी मंडळींनी चालवलेलं जॅझचं रेडिओ स्टेशन, आणि त्यात दर आठवड्याला तिचा स्थानिक कलाकारांचा तास. खोलीची एक भिंत लिफ्टच्या बोगद्याला लागून होती. लिफ्ट हलली की अशी विव्हळायची की माइक घाबरायचे. म्हणून हा तास रविवारी. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना सुट्टी असायची, आणि लिफ्टलाही.

बाबा आज फक्त बोलायला आले होते. खर्जकाका गेल्यापासून त्यांनी वाजवणं सोडलं होतं. खर्जकाका म्हणजे त्यांचे डबल बासवाले, खालचा खोल सूर धरणारे. स्वतः बुटके, वाद्य डोक्याहून उंच. स्टेजवर कोण कोणाला धरून उभा आहे ते कळायचं नाही. “खाली धरणारा गेला. मी वर उडून काय करू?” बाबा एकदाच म्हणाले, आणि तो विषय ट्रम्पेटसकट कपाटात गेला. आज तिने ट्रम्पेट गुपचूप पिशवीत घालून आणलं होतं.

“हे कशाला?” पिशवीत डोकावून बाबांनी विचारलं.

“ऐकणाऱ्यांना दाखवायला.”

“रेडिओवर?”

“लांबून दाखवू.”

बाबांनी पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली. तिचं तोंड उतरलं. आता सगळी भिस्त चौकडीवर होती. चार पोरांचा नवा बँड, अर्धा तास तेच वाजवणार होते. त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त बास नव्हता. खाली पाटी होती: ‘प्रक्षेपण चालू असताना जिन्याने यावे.’ पण ड्रमवाला ड्रम नजरेआड होऊ देत नाही, आणि बाकीचे तिघे ड्रमवाल्याला. त्यामुळे चार माणसांच्या लिफ्टमध्ये चार माणसं आणि ड्रमचं अख्खं खटलं शिरलं.

बाबा लहानपणीची एक आठवण रंगवून सांगत होते तेवढ्यात फोनचा दिवा लागला. कुणाची तरी फर्माईश असेल म्हणून तिने फोन थेट प्रक्षेपणात घेतला.

“ताई, आम्ही अडकलोय.”

“कुठे?”

“तुमच्या भिंतीत.”

हे सगळ्या गावाने ऐकलं. तिने लिफ्टवाल्याला निरोप धाडला आणि फोनवर म्हणाली, “बटण दाबून बघा जरा.”

भिंत विव्हळली. लांब, खोल, तळपायातून वर येणारा आवाज. लाजेने तिचा हात माइक बंद करायला गेला. बाबांनी तो वरच्यावर धरला.

“पुन्हा दाबायला सांग,” ते म्हणाले.

पुन्हा तोच आवाज. मग फोनमधून सळसळ ऐकू आली. ड्रमवाल्याने लिफ्टच्या पत्र्यावर ड्रमचा तारांचा ब्रश फिरवायला सुरुवात केली होती. बटण आता तालात दाबलं जात होतं. बाबा टेबलाखाली वाकले.

पहिला सूर निघालाच नाही, नुसती फुंकर निघाली. दुसरा घसरला. तिसरा त्या खोल आवाजावर जाऊन उभा राहिला, आणि तिथून वर गेला. लहानपणी तिने हे वाद्य बंद दाराआडून ऐकलं होतं, अभ्यासात व्यत्यय म्हणून. ते काहीतरी विचारतं, आणि उत्तर आलं की असं थरारतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. बाबा वर जात, भिंत खालून धरी. ते आणखी वर जात; भिंत सोडत नसे. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली. फोनचे सगळे दिवे एकदम लागले आणि मग एकेक करून विझले. बोलायचं कुणालाच नव्हतं.

दारात लिफ्टवाला उभा राहिला, हातात हत्यारांची पेटी.

“काढू का त्यांना बाहेर?”

“हात लावू नका,” ती कुजबुजली. “बाबांचं अजून व्हायचंय.”

“आम्हाला घाई नाही,” भिंत म्हणाली.

लिफ्टवाल्याने टोपी काढली आणि पेटी मांडीवर घेऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला.

संपल्यावर मात्र त्याने आपलं काम चोख केलं. चौकडी बाहेर आली, लिफ्टला तेलपाणी झालं. लिफ्ट आता हूं की चूं करत नाही.

“मी वाजवलं?” घरी बाबा म्हणाले. “छे! मी बोलायला गेलो होतो.” आठवडाभर ते याच्यापुढे सरकले नाहीत.

पुढच्या रविवारी ते न बोलावता स्टुडिओत आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. स्थानिक निवेदनांची वेळ होती. त्यांनी तिच्यापुढचा माइक ओढून घेतला, घसा खाकरला आणि बातम्या द्याव्यात तशा आवाजात सुरुवात केली:

“जाहीर विनंती. सदर इमारतीच्या लिफ्टला घातलेले तेल संबंधितांनी विनाविलंब परत घ्यावे. तसेच सदर लिफ्ट दर रविवारी सकाळी दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये, चार कलाकारांसह, अडकवून मिळावी. कलाकारांना विचारलेले नाही. विनंतीचे कारण : अर्जदारास वाजवावयाचे आहे.”