संगमरवरातला म्हसोबा

खानापूरजवळच्या विज्ञान संशोधन केंद्राला फ्लॅट, शाळा आणि दुकानांची वसाहत जोडायची ठरली. माझी शेजारीण रुक्माबाई हिचं शेत त्यात गेलं, आणि बांधावरचा म्हसोबा डायरेक्टरसाहेबांनी जेसीबीनं उपटून काढला. "बाई, विज्ञानाच्या आवारात असले दगड शोभत नाहीत," असं वर ऐकवलं. रुक्माबाईनं देव घरी नेला, परसात मांडला आणि रोज दिवा लावू लागली.

वर्ष झालं तरी फ्लॅट खपेनात. येणारा जाणारा विचारायचा, आवारात देऊळ कुठाय? मग साहेब स्वतः तिच्या दारात आले.

"आक्का, तुमचा जागृत देव परत द्या. संगमरवरी देऊळ बांधतो."

"बांधा की. आमास्नी दर्शन मिळंल न्हवं?"

"ते फक्त रहिवाशांना. कार्ड लागतं."

"व्हय, बरोबर हाय तुमचं," म्हणत ती परसात गेली. ताजा शेंदूर फासलेला दगड आणून तिनं साहेबांच्या गाडीत ठेवला.

आता तिथं पीएचडीवाले सकाळी रांगेनं माथा टेकतात.

आणि रुक्माबाई परसातल्या म्हसोबाला दिवा लावून धुणं माझ्याकडं आणते, कारण तिच्याकडं आता धुणं आपटायचा दगड न्हाई.