रविवारचं सापोरो

नीलाताईंनी माइक सुरू केला आणि हेमचंद्रने घाईने पेन उचललं.

"सर, जरा थांबा हं," त्या म्हणाल्या. "ओतारूच्या कालव्यावरचे दिवे पाचला नाही लागत. साडेचारला. मी रोज जायचे ना बघायला."

"हो हो, साडेचारलाच," हेमचंद्र म्हणाला आणि त्याने समोरच्या कागदावरचं पाच खोडलं.

जुलैतला रविवार, दुपारचे तीन. सिडनीत लॉकडाउन होता. घरापासून दहा किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, असा हुकूम. क्वेकर्स हिलच्या एका घरात हीटरला चिकटून बसलेला हेमचंद्र मराठी मंडळाच्या अठ्ठावीस ज्येष्ठांना झूमवरून जपान दाखवत होता. 'हिवाळ्यातलं सापोरो', चार रविवार, आजचा शेवटचा. बर्फाच्या उत्सवातले दोन-तीन मजली पुतळे, गोठलेलं तळं, शेजारच्या ओतारू गावातला कालवा, लोणी घातलेलं रामेन नूडल्सचं वाफाळतं सूप. मंडळाच्या पत्रकात त्याच्याबद्दल लिहिलं होतं, 'सापोरोला चौदा वेळा जाऊन आलेले अनुभवी टूर मॅनेजर.'

खरं सांगायचं तर तो एकदाही गेला नव्हता. दादरच्या एका टूर कंपनीत त्याने बावीस वर्षं लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरले. चौदा ग्रुप गेले ते त्या फॉर्मांवर. पत्रकातली चूक दुरुस्त करायची राहून गेली, आणि ती मुद्दामच राहून गेली. मुलीकडे, शाल्मलीकडे, राहायला आल्यापासून त्याच्याकडे एकच खातं होतं, दर सोमवारी कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचे. आता अठ्ठावीस माणसं त्याला सर म्हणत होती. त्याला ते फार म्हणजे फार आवडत होतं.

आणि नेमक्या त्यात ह्या नीलाताई निघाल्या. ठाण्याहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या, विमानं बंद पडली तशा दीड वर्ष इथेच अडकलेल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी जाहीर केलं, की यजमानांच्या नोकरीमुळे त्या अकरा वर्षं सापोरोत राहिल्या आहेत. तेव्हापासून हेमचंद्रच्या जिवाला घोर लागला होता. तो उणे सात म्हणाला की त्या उणे अठरा म्हणत. त्याने तळ्यावर दोन फूट बर्फ सांगितला की त्या चार फूट करत. सोमवारी डबे ठेवून आला की तो निमूटपणे स्लाइड दुरुस्त करी. एक ना एक दिवस ही बाई सगळ्यांसमोर आपलं पितळ उघडं पाडणार, याची त्याला खात्री होती.

तो दिवस आजचाच निघाला. शेवटच्या स्लाइडवर वॉलॉंगॉंगच्या विश्रामकाकांनी हात वर केला. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तरी खोदून खोदून विचारायची त्यांची सवय गेली नव्हती.

"सर, उत्सव संपल्यावर एवढ्या मोठ्या पुतळ्यांचं करतात काय? तुम्ही सांगताय, की नीलाताईंना विचारू?"

हेमचंद्रने पाहिलेले सगळे व्हिडिओ त्याच्या आधीच संपत होते. नीलाताईंचा हात माइककडे जाताना त्याला दिसला. त्यांच्या आधी बोलणं भाग होतं.

"विसर्जन असतं," तो बोलून गेला. "शेवटच्या दिवशी लोक घरून डबे घेऊन येतात. पुतळ्याचा बर्फ सगळ्यांना थोडा थोडा वाटतात, प्रसादासारखा. तो वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवायचा. घरात बरकत राहते म्हणतात."

नीलाताईंनी माइक सुरू केला. हेमचंद्रला उद्याचे कचऱ्याचे डबे दिसू लागले.

"अगदी बरोबर!" नीलाताई म्हणाल्या. "आमचा डबा तर कायम असायचा फ्रीजरमध्ये. एकदा ह्यांनी त्यातला बर्फ चुकून सरबतात घातला. आठवडाभर बोलले नाही मी त्यांच्याशी."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. हेमचंद्र मात्र बघतच राहिला. तो डबा जगात कुठेच नव्हता. अर्ध्या मिनिटापूर्वी तो त्यानेच जन्माला घातला होता. मग ते उणे अठरा? ते साडेचार? चार आठवडे आपण बरोबर असलेल्या स्लाइड चुकीच्या करत बसलो, हे लक्षात आलं तसा त्याचा पारा चढला. पुढच्या महिन्यात नॉर्वे, असं कसंबसं सांगून त्याने झूम बंद केलं आणि लगेच फोन लावला.

"नीलाताई, तो डबा स्टीलचा होता की प्लास्टिकचा?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कळलं म्हणजे तुम्हाला." नीलाताईंचा आवाज एवढासा झाला होता. "मुलगा एका खोलीत मीटिंगमध्ये, सून दुसरीत. नातवाला मराठी येत नाही. दीड वर्षात 'जेवलात का' याच्यापलीकडे मला कोणी काही विचारलं नव्हतं हो. पहिल्या रविवारी विश्रामकाकांनी विचारलं, कोणी गेलंय का तिकडे? माझा हातच वर गेला. मग लोक विचारत राहिले, मी सांगत राहिले. तुम्ही चौदा वेळा जाऊन आलेले, तुमच्यासमोर बोलायची भीतीच वाटायची मला. सांगणार का आता सगळ्यांना?"

हेमचंद्रचा राग कुठल्या कुठे गेला.

"कुठल्या तोंडाने सांगू?" तो म्हणाला. "मी दादरला बसून व्हिसाचे फॉर्म भरायचो. बर्फ मीही फ्रीजरमध्येच पाहिलाय."

"अगंबाई! आणि ते विसर्जन?"

"ते गिरगावातलं."

पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली. नीलाताई बोलल्या तेव्हा त्यांचा रविवारचा आवाज परत आला होता.

"सर, मग नॉर्वेला मी किती वर्षं होते, ते आत्ताच ठरवून टाकू या."