उंबराखालचं चौथं भोक

तिसऱ्या भोकातूनही नुसता काळा पाषाणच वर आला, तेव्हा ओगले साहेब दगडाच्या त्या लांबट कांड्या मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

"सोनं ऱ्हाऊ द्या, तांबं तरी?" कुंडलिकने विचारलं.

"काही नाही."

ओगले सव्वीस वर्षं खनिजं शोधत हिंडले होते. बरोबरीच्यांना खाणी सापडल्या. ओगल्यांच्या वाट्याला कोरडे अहवालच आले. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, जमिनीने आपल्यालाही काही द्यावं, एवढीच त्यांची आस होती.

म्हणूनच संक्रांतीनंतर घाटघरचा हा म्हातारा कुंडलिक हिरवी झाक असलेला दगड घेऊन पुण्याच्या ऑफिसात आला, तेव्हा बाकीचे हसले. ओगले हसले नाहीत.

"माझा ल्योक दादाभाऊ राजस्थानात तांब्याच्या खाणीत हाय," कुंडलिक म्हणाला होता. "त्यो म्हनला, असा दगुड म्हंजी खाली तांबं. नशीब असंल तर सोनंबी."

ओगल्यांनी वरिष्ठांची मनधरणी केली. ड्रिलिंगचं मशीन वर चढवायला कंपनीने डोंगरात रस्ता काढला. मशीनला लागणारं पाणी टँकरने येई. दरीतल्या झऱ्याकडे निघालेल्या बायका डोक्यावर रिकामे हंडे घेऊन त्या टँकरकडे बघत उभ्या राहत.

"आता एकच भोक उरलंय," ओगले म्हणाले. "तेवढीच परवानगी आहे."

"मी पयल्यापास्नं सांगतोय, उंबराखाली घ्या."

"तिथेच का?"

"आमची जुनी मानसं सांगायची, तितं खाली कायतरी हाय."

ओगल्यांनी नकाशा उलगडला. नकाशात तसं काहीच दिसत नव्हतं. तरी त्यांनी मशीन उंबराखाली नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, एकशे ऐंशी फुटांवर, भोकातून पाणी उसळलं. कांड्या मात्र काळ्या त्या काळ्याच. ओगले मटकन खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

कुंडलिक शेजारी टेकला. "लई वाईट वाटतंय व्हय, साहेब?"

"सव्वीस वर्षं, कुंडलिक."

कुंडलिकने मागे वळून हाक मारली. त्याची बायको गोजरबाई तांब्या भरून घेऊन आली. "पयलं पानी तुमी घ्या, साहेब."

पाणी गार होतं, गोड होतं. ओगल्यांनी तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

"भोक बुजवू नका, साहेब," कुंडलिक हळूच म्हणाला. "तेवढं रुंद करून द्या."

"देतो. पण हातपंप मिळायला वर्ष जाईल. उद्याच तालुक्याला अर्ज करा."

कुंडलिकने मान खाली घातली.

"पंप हाय की, साहेब. दिवाळीतच मंचरवरनं आनून देवळात झाकून ठिवलाय."